काच फुटली, तर आधी झाडू उचलू नये

लघु अन्नप्रक्रिया उद्योगांतील अडचणींविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरे दिली जातात. आंब्याचा हंगाम संपता संपता आलेल्या पत्रांत फुटलेल्या काचेचा विषय वारंवार आला, म्हणून या वेळी निवडलेले सर्व प्रश्न त्याच विषयावरचे आहेत.

प्रश्न : आमचा दहा जणींचा बचत गट सावंतवाडीजवळ आंब्याचे लोणचे आणि कोकमाचे आगळ तयार करतो. मे महिन्याच्या अखेरीस लोणचे भरताना एका सदस्येच्या हातून काचेची बरणी निसटली आणि ओट्याच्या कडेवर आपटून फुटली. शेजारी सुमारे ३० किलो लोणच्याचे पातेले उघडे होते. आम्ही लगेच केर काढला, फरशी धुतली, पातेल्यातील वरचा थर काढून टाकला आणि उरलेले लोणचे बरण्यांत भरले. त्या बरण्या अजून विकलेल्या नाहीत. तेल गाळून घेतले तर लोणचे वापरता येईल का?

उत्तर : बरण्या विकल्या नाहीत, हे फार बरे झाले. त्या विकू नयेत आणि गाळण्याच्या फंदातही पडू नये. ३० किलो लोणचे टाकणे म्हणजे गटाच्या कित्येक दिवसांच्या मेहनतीवर पाणी सोडणे आहे, हे मला कळते. तरीही दुसरा सल्ला देता येत नाही. कठीण कडेवर आपटलेली बरणी जागच्या जागी फुटत नाही. मोठे तुकडे पायाशी पडतात, पण बारीक ठिकऱ्या आणि सुईसारख्या किरचा आडव्या आणि वरही उडतात. पातेल्यात काच गेलीच असेल, असे माझे म्हणणे नाही. ती गेली नाही, हे आता कोणालाच दाखवून देता येणार नाही, आणि निर्णय घ्यायला तेवढे पुरेसे आहे.

डोळ्यांनी शोधून पाहू, असे कोणी म्हणेल, तर लोणच्यात तो खटाटोप जवळजवळ व्यर्थ ठरतो. पाण्यातली काच आपल्याला दिसते, कारण प्रकाश पाण्यात जितका वळतो त्यापेक्षा काचेत बराच अधिक वळतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आणि बरणीच्या काचेचा सुमारे १.५२ असतो. खाद्यतेलाचा मात्र १.४७ च्या आसपास असल्याने तेलात बुडालेल्या पारदर्शक किरचेच्या कडा नजरेला पुसट होतात, आणि त्यातच मोहरीची डाळ, मेथी आणि मिठाचे खडे मिसळलेले असतात. साखरेच्या दाट पाकाचीही हीच गत आहे. वरचा थर काढून टाकल्यानेही काही साधत नाही, कारण काच पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असते आणि वर तरंगत राहात नाही. शिवाय भरताना डाव फिरला, म्हणजे ती कुठेही जाऊ शकते. तेल गाळता येईल, पण फोडी आणि मसाला कोणत्या गाळणीतून काढणार?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनात थेट खाण्याच्या पदार्थातील ७ ते २५ मिलिमीटर लांबीच्या कठीण किंवा टोकदार वस्तूवर कारवाईचा विचार होतो. त्यावरून ७ मिलिमीटरपेक्षा लहान काच चालते, असा सोयीस्कर अर्थ काढू नये. लहान मुले, वृद्ध आणि शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्या बाबतीत त्याहून लहान तुकडाही धोक्याचा मानलेला आहे, आणि लोणच्याची बरणी कोणाच्या ताटापर्यंत जाईल हे आपल्याला माहीत नसते. आपल्याकडे २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाच्या कलम ५४ नुसार अन्नात बाह्य पदार्थ आढळल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कोणाला इजा झाली, तर कलम ६५ नुसार भरपाईचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

टाकलेले लोणचे घरी नेऊ नये, कोणाला देऊ नये, गुरांच्या पेंडीत तर मुळीच मिसळू नये. "आपल्या घरी खाऊ, विकणार तर नाही ना," हा विचार अशा वेळी हमखास पुढे येतो, पण घरच्यांचे घसे काही वेगळ्या धातूचे नसतात. बरण्या उघडून त्यात फिनेल ओतावे आणि मगच विल्हेवाट लावावी, म्हणजे त्या पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाहीत.

बरणी पुन्हा कधी ना कधी फुटणारच, म्हणून पुढच्या वेळी काय करावे, तेही सविस्तर सांगतो. आपली चूक केर काढण्यात झालेली नाही, ती केर आधी काढण्यात झाली. काच फुटल्याचा आवाज आला, की पहिले काम म्हणजे सर्वांनी हातातले काम थांबवून जागेवर उभे राहणे. जिच्या हातून बरणी फुटली तिने तर अजिबात हलू नये, कारण तिच्या चपलेच्या तळव्याला लागलेली काच तिच्याबरोबर साऱ्या खोलीभर फिरते. त्यानंतर किती जागा संशयित धरायची, ते ठरवावे. फुटलेल्या जागेपासून चारी बाजूंना सुमारे ३ मीटर अंतर धरण्याचा प्रघात अनेक कारखान्यांत आहे. काच उंचावरून पडली असेल किंवा बाटलीत वायूचा दाब असेल, तर त्याहून अधिक धरावे. आपली खोलीच १० फुटांची असेल, तर सगळी खोली त्या घेऱ्यात येते, आणि ते मान्य करावे लागते. घेऱ्याबाहेरचे उघडे अन्न झाकून सफाई सुरू होण्यापूर्वी दुसरीकडे हलवावे. घेऱ्यातले उघडे अन्न, मसाला आणि उघडी झाकणे टाकावीत. रिकाम्या उघड्या बरण्याही काढून टाकणेच स्वस्त पडते. घेऱ्यातले डाव आणि परात नीट धुऊन, उजेडात तपासून मगच परत घ्यावीत.

प्रत्यक्ष सफाई एकीनेच करावी, फार तर दोघींनी. मोठे तुकडे जाड हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलावेत. बारीक काचेसाठी वेगळ्या रंगाचा स्वस्त ब्रश आणि सुपली आधीपासून बाजूला ठेवलेली असावी आणि त्यांवर "फक्त काचेसाठी" असे लिहिलेले असावे. ओट्यापासून सुरुवात करून खाली यावे आणि जमिनीवर घेऱ्याच्या कडेकडून मध्याकडे जावे. शेवटी ओला जाड कागद दाबून फिरवावा, प्रत्येक वेळी नवा घ्यावा. काम झाले, की ब्रशही काचेबरोबर टाकून द्यावा. नेहमीची केरसुणी किंवा मऊ झाडू वापरू नये, कारण त्याच्या काड्यांत अडकलेली किरच दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोपऱ्यात गळते. पोछ्याचेही तेच.

पाण्याचा पाइप आणि हवेचा फवारा यांच्याविषयी मी अधिक कठोरपणे बोलतो, कारण हा धडा मी स्वतः घेतलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात फळांच्या गराच्या एका कारखान्यात माझ्या पाळीत बाटली फुटली, आणि मी मोठ्या शहाणपणाने सारी जागा पाइपच्या जोरदार धारेने धुऊन घेतली. फरशी आरशासारखी झाली. तिसऱ्या दिवशी त्याच बाटलीच्या हिरव्या काचेचे कण भरणी यंत्राच्या खालच्या चौकटीवर आणि ढकलगाडीच्या चाकांत सापडले, आणि मधल्या दोन दिवसांचा माल अडवून ठेवावा लागला. धारेने काच निघून जात नाही, ती आपण पाहात नाही अशा जागी जाऊन बसते.

सफाई संपल्यावर दिवे मालवून, हातातली विजेरी जमिनीलगत आडवी धरून पाहावे. वरच्या उजेडात न दिसलेले कण तिरप्या प्रकाशात चमकून उठतात. ही तपासणी सफाई करणारीने न करता दुसरीने करावी, कारण आपण स्वच्छ केलेली जागा आपल्याला स्वच्छच दिसते. गोळा केलेले तुकडे कागदावर मांडून बरणी साधारण पूर्ण होते का, तेही पाहावे. बारीक चुऱ्याचा हिशेब लागत नाही, पण तोंडाकडचा एखादा मोठा तुकडा कमी असेल, तर तो इथे लक्षात येतो. घेऱ्यातून बाहेर पडताना चपलांचे तळवे पुसावेत, ॲप्रन बदलावा आणि पदर व निऱ्या झटकण्याऐवजी ओल्या कागदाने टिपून घ्याव्यात. हात कापला असेल, तर त्या सदस्येला काम थांबवून आधी औषधोपचार करावा. रक्त लागलेला माल काचेचा विचार न करताही बादच आहे. वहीत तारीख, वेळ, काय फुटले, किती माल टाकला आणि कोणी तपासले, एवढे लिहून दोघींनी सही करावी. काच झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून, चिकटपट्टीने बंद करून, वर "काच" असे ठळक लिहून द्यावी, कारण कचरा वेचणाऱ्याचे हातही हातच आहेत.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका मसाला व चटणी उद्योगात पर्यवेक्षक आहे. येथे काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया काचेच्या बांगड्या घालतात. बांगड्या काढण्याचा विषय काढला, की वातावरण बिघडते. काय करावे?

उत्तर : आपल्या प्रश्नाला मी बरणीइतकेच महत्त्व देतो, किंबहुना थोडे अधिक. बरणी फुटली, की आवाज होतो आणि सर्वांचे लक्ष जाते. बांगडी मात्र परातीत हात घालून चटणी कालवताना नकळत तडकते, आणि संध्याकाळी हातात एक कमी आहे हे ध्यानात येते, तेव्हा चटणी पाकिटांत गेलेली असते. आपल्या भाषेत तर बांगडी फुटली असे म्हणतच नाहीत, ती वाढवली असे म्हणतात. ज्या वस्तूच्या फुटण्याचा उच्चारही अशुभ मानतात, ती काढून ठेवा, असे एखाद्या परक्या माणसाने फर्मान सोडले, तर राग येणारच.

अन्न हाताळताना बांगड्या, अंगठ्या आणि घड्याळ नको, ही अट परवान्याच्या स्वच्छताविषयक नियमांत आहे, तेव्हा सवलत देण्याचा अधिकार आपल्याला नाही. तथापि, नियम भिंतीवर लावून हा प्रश्न सुटत नाही. त्यांच्यातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना विश्वासात घेऊन त्यांच्याकडून विषय निघू द्यावा, बांगड्या ठेवायला प्रत्येकीला कुलपाचा स्वतंत्र कप्पा द्यावा, आणि काम सुटल्यावर त्या घालायला पाच मिनिटे पगारी वेळ द्यावा. नव्या नवरीच्या हातात चुडा असेल, तर तो उतरेपर्यंत तिला लेबल लावणे किंवा बाहेरच्या खोक्यांचे काम द्यावे. वर लांब बाह्यांचे हातमोजे घालून बांगड्या ठेवण्याची तडजोड मला पटत नाही. फुटलेला तुकडा मोज्याला आतून भोक पाडतो.

प्रश्न : आमच्या सरबताच्या उद्योगात मेटल डिटेक्टर बसवला आहे. तरीही बाटली फुटल्यावर माल टाकणे आवश्यक आहे का?

उत्तर : होय. मेटल डिटेक्टर धातू ओळखतो, काच त्याच्या लेखी नसल्यासारखीच आहे. क्ष-किरण यंत्र घनतेतील फरकावरून काच पकडू शकते, पण काचेच्या बाटलीतला काचेचा तुकडा शोधणे त्यालाही अवघड जाते. विशेषतः बाटलीच्या जाड बुडाच्या कडेला पडलेला बारीक तुकडा सुटू शकतो. भरणी यंत्रावर बाटली फुटली, तर पट्टा थांबवून मागच्या-पुढच्या झाकण न लागलेल्या बाटल्या काढून टाकाव्यात आणि यंत्राच्या तोट्या, बाटली पकडणारे चिमटे व खालचा पत्रा एकेक करून तपासावा. किती बाटल्या काढायच्या, ही संख्या आधी लिहून भिंतीवर लावलेली असावी. माल पाठवण्याची घाई असताना यंत्राजवळ उभे राहून ती ठरवायला घेतली, की हटकून कमी भरते. सोड्याच्या बाटल्या भरत असाल, तर दाबामुळे काच दूरवर उडते, म्हणून तेथे यंत्राभोवती जाळीचे किंवा जाड पारदर्शक प्लास्टिकचे आवरण असल्याशिवाय यंत्र सुरूच करू नये.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत हापूसचा गर गरम असतानाच बाटल्यांत भरतो. दर हंगामात काही बाटल्या भरतानाच तडकतात. बाटल्यांची प्रत वाईट आहे का?

उत्तर : असू शकेल, पण आधी तापमान मोजावे. साध्या बाटलीची काच अचानक झालेला सुमारे ४० अंश सेल्सिअसचा फरक सोसते, त्यापुढे ती बेभरवशाची होते. गर ८५ अंशांवर आणि बाटली मे महिन्यातल्या खोलीच्या ३० अंशांवर असेल, तर फरक ५५ अंशांचा झाला. आतला पृष्ठभाग फुगू पाहतो, बाहेरचा थंडच राहतो, आणि त्या ओढाताणीत बाहेरून तडा जातो. बाटल्या गरम पाण्यात किंवा वाफेवर ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवून घेतल्या आणि निवण्यापूर्वीच भरल्या, तर तडकण्याचे प्रमाण बहुतेक सारे कमी होईल. भरलेली बाटली ओल्या कडप्प्यावर किंवा स्टीलच्या थंड टेबलावर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी. थंड करतानाही एकदम गार पाण्यात न बुडवता आधी कोमट, मग साधे पाणी, अशा टप्प्यांनी करावे.

बाटल्या भंगारवाल्याकडून घेतलेल्या जुन्या असतील, तर मात्र माझे मत विरोधात आहे. एकमेकींवर घासून त्यांच्या अंगावर ओरखडे पडलेले असतात आणि तडा नेमका तेथूनच सुरू होतो. नव्या बाटल्यांची खोकीही भरणीच्या खोलीत उघडू नयेत. एखाद्या खोक्यात एक जरी बाटली फुटलेली निघाली, तर तिचे तुकडे शेजारणींच्या तोंडातून आत गेलेले असू शकतात, म्हणून ते संपूर्ण खोके पुरवठादाराला परत करावे. काचेतच दोष असल्याचीही उदाहरणे आहेत: एप्रिल २०१८ मध्ये स्टेला आर्तोआ या बिअरच्या काही बाटल्यांत काचेचे कण असण्याच्या शक्यतेमुळे त्या अनेक देशांतून परत मागवण्यात आल्या होत्या.

प्रश्न : आमच्या इचलकरंजीच्या बेकरीत पीठ मळण्याच्या यंत्रावरची ट्यूबलाइट फुटली. पीठ टाकले, पण सफाई कशी करावी, यावर एकमत झाले नाही.

उत्तर : जुन्या पद्धतीच्या ट्यूबमध्ये अल्प प्रमाणात पारा असतो, म्हणून येथे काचेबरोबर वाफेचाही विचार करावा लागतो. पंखा बंद करून, खिडक्या उघडून सर्वांनी दहा-पंधरा मिनिटे बाहेर थांबावे. नंतर जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक कण आणि पांढरी भुकटी चिकटपट्टीने उचलावी, ओल्या कागदाने पुसून सारे घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करावे. व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्यामुळे पारा हवेत पसरतो. पुढे अन्नावरच्या प्रत्येक दिव्याला प्लास्टिकचे आवरण बसवावे. परवान्याच्या नियमांतही दिवा फुटल्यास अन्नात काच पडणार नाही अशी रचना अपेक्षित आहे. माश्या मारणाऱ्या निळ्या दिव्याचा सर्वांना विसर पडतो, आणि तो बहुधा नेमका पोळपाटाच्या वर टांगलेला असतो.

प्रश्न : पणजीला घेतलेल्या डबाबंद ट्यूनामध्ये काचेसारखा कठीण खडा सापडला. हे कारखान्यातल्या फुटलेल्या काचेमुळे झाले असेल का?

उत्तर : डबाबंद मासळीत स्ट्रुव्हाइट नावाचे निरुपद्रवी स्फटिक तयार होतात आणि ते हुबेहूब काचेसारखे दिसतात. खडा वाटीभर व्हिनेगरमध्ये घालून काही मिनिटे हलके गरम करावे. स्ट्रुव्हाइट विरघळू लागतो, काच तशीच राहते. परीक्षेसाठी सगळा खडा वापरू नये, अर्धा जपून ठेवावा. तो विरघळला नाही, तर डबा, झाकणावरचा बॅच क्रमांक आणि पावती यांसह गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी, आणि कोणी तो पदार्थ आधीच खाल्ला असून घशात किंवा पोटात दुखत असेल, तर उलटी काढण्याचा प्रयत्न न करता थेट डॉक्टरांकडे जावे.